आरोग्याचा विमा की आजाराचा?

कळमेश्वरच्या औद्योगिक वसाहतीत पाळी सुटली म्हणजे जे कामगार फाटकाबाहेर पडतात, त्यांच्यापैकी पुष्कळांच्या पगारातून दरमहा थोडी रक्कम विम्यासाठी कापलेली असते. 1 जुलै 2019 पासून या वर्गणीचा दर कामगाराकडून शंभर रुपयांमागे पाऊण रुपया आणि मालकाकडून सव्वातीन रुपये असा ठरला. या पैशातून आजारपणात डॉक्टर व औषध मिळते, रजेच्या दिवसांचा काही पगार मिळतो आणि अपघातात हात गेला तर भरपाई मिळते. व्यवस्था चांगली आहे, तिची थट्टा करण्याचा आमचा हेतू नाही. पण आजार होऊच नये, किंवा झाला तर तो वेळीच ध्यानात यावा, यासाठी या पैशातून काय मिळावे असे कायद्याने सांगितले होते? या प्रश्नाचा इतिहास आपल्या शहरांत सहसा सांगितला जात नाही. तो सांगण्याचा येथे प्रयत्न आहे.

आरंभ महायुद्धाच्या काळात होतो. मार्च 1943 मध्ये हिंदुस्थान सरकारने प्रा. बी. पी. आडारकर यांच्याकडे कारखान्यांतील कामगारांसाठी आरोग्यविम्याची योजना आखण्याचे काम सोपविले. त्या वेळी व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते डॉ. बाबासाहेब आंबेडकरांकडे होते. आडारकरांचा अहवाल 1944 साली आला. त्याच सुमारास, म्हणजे 1943 साली, सर जोसेफ भोर यांच्या अध्यक्षतेखाली दुसरी एक समिती नेमली गेली. तिने 1946 साली सबंध देशाच्या आरोग्याचा आराखडा मांडला. रोग हटविणे आणि रोग टाळणे ही कामे एकाच यंत्रणेने हातात हात घालून करावीत, हा भोर समितीचा मुख्य आग्रह होता. चाळीस हजार वस्तीमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र ही तिची सूचना त्यातूनच निघाली.

आमच्या मते पुढच्या सगळ्या घोटाळ्याचे बीज येथे पडले. एकाच दिल्लीत, एकाच काळात, आरोग्याचा विचार दोन मेजांवर चालला होता. मजूर खात्याच्या मेजावरचा प्रश्न असा, की कामगार आजारी पडून त्याची मजुरी बुडाली तर काय करावे? आरोग्य खात्याच्या मेजावरचा प्रश्न असा, की तो आजारी का पडतो? विमा पहिल्या मेजावर जन्मला आणि त्याच मेजाची रीत त्याला लागली.

1948 साली राज्य कामगार विम्याचा कायदा झाला. 24 फेब्रुवारी 1952 रोजी कानपूर व दिल्ली येथे योजना सुरू झाली आणि 1954 साली ती नागपुरास आली. नागपूर त्या वेळी मध्य प्रदेशाची राजधानी होते, हे आजच्या तरुणांना सांगावे लागते. एंप्रेस मिलच्या भोंग्यावर शहराची घड्याळे लावली जात तो हा काळ. जमशेटजी टाटांनी 1877 साली उभारलेल्या त्या गिरणीत 1886 सालीच कामगारांसाठी पेन्शन फंड काढलेला होता. तेव्हा वर्गणी आणि फंड हे शब्द नागपूरच्या कामगाराला नवे नव्हते.

या कायद्याच्या दोन कलमांची भाषा मन लावून वाचण्यासारखी आहे. 46 व्या कलमात विमेदाराला मिळणारे लाभ सांगितले आहेत: आजारपण, बाळंतपण, अपंगत्व, अवलंबितांचे साहाय्य आणि वैद्यकीय उपचार. हे विमेदाराचे हक्क. 19 व्या कलमात असे आहे, की या लाभांखेरीज महामंडळ विमेदारांचे आरोग्य सुधारण्याचे उपाय हाती घेऊ शकेल आणि सरकारने ठरविलेल्या मर्यादेत त्यासाठी खर्च करू शकेल. पहिल्या कलमाने हक्क दिला, दुसऱ्याने मुभा दिली. मुभा मागून मिळते, हक्क सांगून घेता येतो. पुढे लसटोचणी व कुटुंबनियोजन ही कामे दवाखान्यांच्या रोजच्या कामात आली, हे खरे. पण निरोगी दिसणाऱ्या माणसाला ठरलेल्या मुदतीने तपासण्याचा हक्क त्या कायद्यात कोठे लिहिला नव्हता.

याचा अर्थ गिरणीच्या पिंजणखात्यात जाऊन पाहावा. कापसाच्या बारीक धुळीने फुप्फुसाचा जो रोग होतो, त्याची रीत विचित्र आहे. साप्ताहिक सुटीनंतर कामावर आलेल्या पहिल्या दिवशी छाती आवळल्यासारखी होते, पुढे आठवडाभर तक्रार ओसरते. कामगाराला वाटते, सुटीत काहीतरी बाधले असेल. तो विड्या कमी करतो, काढा घेतो आणि कामावर जातो. या अवस्थेत नळीत फुंकर मारावयास लावून श्वास मोजला आणि माणसाला धुळीच्या खात्यातून हलविले, तर तो बरा होण्याची आशा असते. वर्षे लोटली म्हणजे मात्र फुप्फुस परत येत नाही. हा रोग विम्याच्या कायद्याने धंदेवाईक रोगांच्या यादीत घातलेला होता. म्हणजे छाती गेल्यावर भरपाई हा हक्क, आणि छाती जाऊ नये म्हणून मारावयाची ती फुंकर ही मुभा! धोक्याच्या प्रक्रियांत काम करणाऱ्यांची वर्षातून एकदा तरी तपासणी व्हावी अशी सक्ती कारखान्यांच्या कायद्यात 1987 साली आली खरी, पण ती मालकावर होती, विम्यावर नव्हती.

विमा चालविणारे निष्ठुर असतात असे कोणी समजू नये. प्रश्न हिशेबाचा आहे, आणि जर्मनीचा दाखला येथे फार उपयोगी पडतो. बिस्मार्कने 1883 साली आजारपणाचा आणि 1889 साली अपंगत्व व वार्धक्याचा सक्तीचा विमा आणला. अपंगत्वाच्या विम्याने संस्थांच्या हाती मुभाच दिली होती: अपंगत्व टाळण्यासारखे असेल तर उपचार करावेत. पण क्षयाने खंगलेल्या तरुण कामगाराला जन्मभर पेन्शन त्याच संस्थांना द्यावी लागणार होती. त्यांनी हिशेब केला आणि आरोग्यधामे बांधली. बेर्लिनजवळ बेलित्झ येथे 1898 साली बांधायला घेतलेले विशाल क्षयधाम विमासंस्थेच्याच पैशाचे. नुकसान ज्याच्या अंगावर येणार, तो मुभेचाही उपयोग करून घेतो.

वर्षावर्षाने काढल्या जाणाऱ्या खासगी विम्यात हा हिशेब उलटा होतो. आज कंपनीने पैसे खर्चून एखाद्याचा मधुमेह वेळीच पकडला, तर वीस वर्षांनंतर त्याचे मूत्रपिंड वाचल्याचा फायदा भलत्याच कंपनीला मिळणार. मग पहिल्याने खर्च का करावा? सर्वांवर एकदम सक्ती झाली तरच हा पेच सुटतो. अमेरिकेने 2010 साली तेच केले. तज्ज्ञांच्या मंडळाने वरची श्रेणी दिलेल्या तपासण्या व उपाय विमाकंपन्यांनी दिलेच पाहिजेत, आणि त्यासाठी विमेदाराकडून वेगळा पैसा घेता कामा नये, असा कायदा झाला. त्यावर खटले चालले. तज्ज्ञांच्या नेमणुकीची पद्धत घटनेला धरून आहे की नाही, हा वाद थेट सर्वोच्च न्यायालयात गेला आणि 27 जून 2025 रोजी निकाल कायद्याच्या बाजूने लागला. क्रियापद बदलले की वकिलांना काम लागते, हेही त्यावरून कळते.

आपल्याकडे मात्र दोन मेजांची रीत चालूच राहिली. महाराष्ट्रात 2012 साली राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना सुरू झाली, ती पुढे महात्मा फुले यांच्या नावाने ओळखली जाऊ लागली. सप्टेंबर 2018 मध्ये प्रधानमंत्री जन आरोग्य योजना आली आणि तिने कुटुंबाला वर्षाला पाच लाख रुपयांचे संरक्षण दिले. गरिबाच्या घरावर शस्त्रक्रियेचे कर्ज चढू नये म्हणून या योजनांनी केलेले काम मोठे आहे. पण त्यांचे दार रुग्णालयाच्या खाटेपाशी उघडते. तिशी ओलांडलेल्यांचा रक्तदाब व साखर पाहणे, तोंडाच्या, स्तनाच्या व गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची तपासणी करणे, ही कामे आरोग्य खात्याच्या उपकेंद्रांकडे आली. खाटेचा खर्च विमा भरणार आणि खाट टाळण्याचा खर्च दुसरेच खाते. उपकेंद्रात तपासण्या वाढल्या तर विम्याचे पैसे वाचतील, पण वाचलेला रुपया उपकेंद्राकडे वळण्याची वाट कोणी आखलेली नाही.

21 नोव्हेंबर 2025 रोजी नव्या कामगार संहिता अमलात आल्या. 1948 च्या विमा कायद्याची जागा सामाजिक सुरक्षा संहितेने घेतली, आणि व्यावसायिक सुरक्षेच्या संहितेने मालकावर कामगारांची वार्षिक तपासणी विनामूल्य करून देण्याचे बंधन घातले. चाळीस वर्षांवरील कामगारांना हा लाभ मिळेल असे सरकारने जाहीर केले. अखेर ‘केले पाहिजे’ हे शब्द आले! मात्र कोणत्या वयाच्या व वर्गाच्या कामगारांची कोणती तपासणी, हे नियमांवर सोपविलेले आहे, आणि बोजा पुन्हा मालकावरच टाकलेला आहे. तपासणीत फुप्फुसाचा दोष निघालेल्या माणसाला कामावरून दूर करण्यात मालकाला सोय वाटू शकते. विम्याने तपासणी केली असती तर हा मोह तिला कमी झाला असता, असे आम्हांस वाटते. कळमेश्वरच्या कारखान्यांत पत्र्याला जस्ताचा व रंगाचा लेप देणाऱ्या कामगाराने तपासणीच्या कागदाची एक प्रत स्वतःकडे मागून घ्यावी, आणि ठेकेदाराच्या हजेरीवर असेल त्याने तर आधी आपले नाव विम्याच्या नोंदीत आहे की नाही ते पाहावे. काटोलपर्यंत पसरलेल्या संत्र्याच्या बागांत तोडीला जाणाऱ्या बायांना यांपैकी कोणतीच नोंद लागू होत नाही. त्यांच्यासाठी गावच्या उपकेंद्राचे दार तेवढे आहे.