कंपूतले रविवार आणि 'एक-अनेक'

मंडळी, पुण्या-मुंबईकडच्या माणसाला आपण सांगितलं, की "मी लष्करचा, कंपूत वाढलो", तर त्याचा दोनदा घोटाळा होतो. आधी त्याला वाटतं की हा फौजेत होता. मग तो हसून विचारतो, "कुणाच्या कंपूत?" त्याच्या मराठीत कंपू म्हणजे चार टाळकी जमवून केलेली टोळी. आपल्याकडे ती वस्ती आहे. तसा हा शब्दही फौजेचाच. महादजी शिंद्यांनी द बॉयन या सॅव्हॉयच्या माणसाकडून कवायती पलटणी उभ्या केल्या, त्यांना मराठी कागदांत 'कंपू' म्हणत. पुढे 1810 च्या सुमारास दौलतराव शिंद्यांचा तळ किल्ल्याच्या दक्षिणेला पडला, तो कायमचाच. तळाचं लष्कर शहर झालं आणि कंपूचा मोहल्ला झाला. फौज गेली, नावं राहिली, आणि नावांबरोबर आपली मराठी घरंही राहिली.

आज लिहायचंय ते मात्र फौजेबद्दल नाही, कार्टूनबद्दल. हसू नका. 1993 साली मी पाचवीत होतो आणि माझं अर्धं आयुष्य रविवारची वाट बघण्यात जात होतं.

आमची शाळा हिंदी माध्यमाची. घरी मराठी. दोन्हीकडे थोडं थोडं चुकायचं. एकदा घसा बसला होता म्हणून वर्गात उभं राहून सांगितलं, "सर, मेरा आवाज़ बैठ गया." सगळा वर्ग हसला. मागच्या बाकावरून कोणीतरी म्हणालं, "महाराज, आवाज़ बैठा नहीं, बैठी है!" हिंदीत आवाज स्त्रीलिंगी, मराठीत पुल्लिंगी. हे पक्कं लक्षात ठेवलं. इतकं पक्कं, की उन्हाळ्याच्या सुट्टीत पुण्याला मामाकडे गेलो तेव्हा म्हणालो, "मामी, टीव्हीची आवाज वाढव ना." तिथे मामेभावंडं हसली. मग काही दिवस हा शब्द मी तोंडातून काढतच नसे. दोन्हीकडच्या लोकांना हसायला मिळतं, तर बोलायचंच कशाला, असं दहा वर्षांच्या पोराला वाटलं तर नवल नाही. आपल्यापैकी बऱ्याच जणांचं असं झालं असेल.

कार्टूनमध्ये ही भानगड नव्हती. तिथे कोणी आपल्याला बोलायला लावत नाही.

आमच्याकडे ब्लॅक अँड व्हाइट टीव्ही होता. रविवारी सकाळी 'जंगल बुक' लागायचं. जपानच्या निप्पॉन अ‍ॅनिमेशनने 1989 साली केलेली ती मालिका दूरदर्शनने हिंदीत आणली, गुलजारांनी शीर्षकगीत लिहिलं आणि विशाल भारद्वाजांनी चाल लावली. ते गाणं सुरू झालं की गल्लीतला क्रिकेटचा डाव आपोआप मोडायचा. आणि त्याच वेळी लाइट जायची, हे ग्वाल्हेरात राहिलेल्यांना सांगायला नको. शेजारच्या काकांकडे स्कूटरची नाही, चांगली मोटारीची बॅटरी होती. तिला टीव्ही जोडायचा आणि वीस-पंचवीस पोरं खाली सतरंजीवर बसायची.

माझी आजीही यायची. ती साताऱ्याकडची, लग्न होऊन ग्वाल्हेरला आलेली. पन्नास वर्षं इथे काढली, तरी भाजीवाल्याशी तिची हिंदी तिच्याच पद्धतीची. शेरखान बोलायला लागला की ती खूश. कारण तो आवाज नाना पाटेकरांचा. "हा आपला मुरुडचा नाना रे," ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणायची. कंपूतल्या त्या खोलीत वाघ मराठी होता, याचा मला आतून फार आनंद व्हायचा. आणखी एक गंमत मोठेपणी कळली. किपलिंगचा मोगली ज्या सिवनीच्या डोंगरात वाढतो, ती सिवनी आपल्याच मध्य प्रदेशात, जबलपूरच्या पुढे. जपान्यांनी चित्रं काढली, इंग्रजाने गोष्ट लिहिली, आणि जंगल आपलं.

पण मोगलीपेक्षाही मला आवडायचं ते एक छोटं कार्टून. त्याची वेळ ठरलेली नसे. दोन कार्यक्रमांच्या मध्ये कधीतरी अचानक लागायचं. एक ताई तिच्या लहान भावाला 'एक' आणि 'अनेक' म्हणजे काय ते समजावते. मग पारध्याच्या जाळ्यात सापडलेल्या चिमण्या एकदम उडतात आणि जाळं घेऊनच निघून जातात, उंदीर ते कुरतडून त्यांना सोडवतात. 'एक अनेक और एकता'. नाव सांगितल्याबरोबर तुमच्या डोक्यात गाणं सुरू झालं असणार.

त्या चिमण्यांनी मला वेड लावलं. रफ कॉपीच्या कोपऱ्यात मी एक चिमणी काढली, पुढच्या पानावर तिचे पंख जरा वर, त्याच्या पुढे आणखी वर. पन्नास कागदांची कॉपी होती. अंगठ्याने पानं सोडली की चिमणी उडायची. शाळेत सगळ्यांनी बघितलं. जे "आवाज़ बैठी है" म्हणून हसले होते, तेही रांग लावून उभे राहिले. पहिल्यांदाच वर्गात मला कोणीतरी काहीतरी दाखव म्हणत होतं. अर्थात कॉपी पकडली गेली. सहामाही परीक्षा तोंडावर होती. सरांनी बाबांना बोलावलं आणि त्यांच्यासमोर कात्रीने कॉपीचे सगळे कोपरे कापून ती मला परत दिली. बाबा काही बोलले नाहीत. घरी आल्यावर एवढंच म्हणाले, "चित्रं काढून पोट भरत नाही रे."

मी दोन दिवस जेवताना रडत होतो. तिसऱ्या दिवशी आजीने हाक मारली. आमच्याकडे रोज एक पान फाडायचं तारखेचं कॅलेंडर होतं. पूजा झाली की ती कालची तारीख फाडायची. तिने ती पानं चुलीत घालायची सोडून एका डब्यात साठवायला सुरुवात केली. "मागची बाजू कोरी असते. यावर काढ. हे शाळेत नेऊ नकोस म्हणजे झालं." वर्षाची 365 पानं. रोज एक पान, रोज एक चिमणी.

सिनेमाचा हिशेब मला नंतर कळला. पडद्यावर सेकंदाला 24 चौकटी जातात. एक चित्र दोन चौकटींना वापरलं तरी सेकंदाला 12 चित्रं लागतात. म्हणजे कापल्या गेलेल्या कोपऱ्यांत माझं चार सेकंदांचं उड्डाण होतं, आणि आजीच्या डब्यात वर्षाला अर्ध्या मिनिटाचं.

आता थोडा इतिहास, कारण तो आपल्या लोकांशी संबंधित आहे आणि मला तो फार उशिरा समजला.

लहानपणी मला वाटायचं की लष्करातला फालका बाजार हा सिनेमावाल्या दादासाहेब फाळक्यांचा. तो सरदार फाळक्यांच्या नावाचा आहे, हे सांगून बाबांनी माझा हिरमोड केला. दादासाहेब त्र्यंबकेश्वरचे. पण अ‍ॅनिमेशनच्या गोष्टीत ते खरोखरच आहेत. 1912 साली सिनेमासाठी कर्ज हवं होतं आणि विश्वास कोणाचा बसेना, तेव्हा त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला. कॅमेरा समोर ठेवून थोडं थोडं चित्रण करत राहिले. बरेच दिवस चाललेली वाढ पडद्यावर झरझर दिसली, आणि ती बघून सावकार पैसे द्यायला तयार झाला. पुढच्या वर्षी 'राजा हरिश्चंद्र' आला. 1915 साली त्यांनी 'आगकाड्यांची मौज' केली. त्यात काड्या आपोआप हलतात, आकार घेतात. एक चौकट घ्यायची, काडी जराशी सरकवायची, पुन्हा एक चौकट. आपल्या देशात या खेळाची सुरुवात तिथून धरतात. हे वाचलं तेव्हा मला आजीचा डबा आठवला. वाटाण्यासारखंच होतं ते, धीराने जमवलेलं.

1930 च्या दशकात पुण्याच्या प्रभातने 'जंबूकाका' नावाचं कार्टून केलं. स्वातंत्र्यानंतर मुंबईच्या फिल्म्स डिव्हिजनमध्ये कार्टूनचा स्वतंत्र विभाग निघाला. डिस्नेकडे काम केलेले क्लेअर वीक्स 1956 च्या सुमारास तिथे शिकवायला आले. त्यांच्या हाताखाली जी मंडळी तयार झाली त्यांत जी. के. गोखले होते, राम मोहन होते. हेच राम मोहन पुढे जपानी कलावंतांबरोबर 'रामायण' या मोठ्या अ‍ॅनिमेशनपटावर काम करणारे.

आणि मग 1974. 'एक अनेक और एकता' फिल्म्स डिव्हिजनसाठी झाली, तिला सर्वोत्तम शैक्षणिक चित्रपटाचं राष्ट्रीय पारितोषिक मिळालं. त्याची नावं मी पहिल्यांदा नीट वाचली ती नोकरीला लागल्यावर, कॉम्प्युटरवर थांबवून थांबवून. अ‍ॅनिमेशन भीमसेन यांचं. आपल्या ग्वाल्हेरकराला क्षणभर वाटतं, पंडितजी? कारण भीमसेन जोशी लहानपणी घरातून पळून इथल्या माधव संगीत विद्यालयात आले होते, हे आपल्याला पाठ. पण हे भीमसेन खुराना. संगीत वसंत देसाईंचं. 'श्यामची आई'चे, 'दो आँखें बारह हाथ'चे वसंत देसाई. त्यांचं निधन पुढच्याच वर्षी झालं. गाण्यातला लहान मुलीचा गळा साधना सरगम यांचा, म्हणजे घाणेकरांची साधना, तेव्हा जेमतेम पाच वर्षांची. आणि दिग्दर्शन विजया मुळे यांचं.

खुर्चीतून उठून मी फेऱ्या मारायला लागलो. हे हिंदीतलं सर्वांत हिंदी कार्टून. यावर माझ्या वर्गातली पोरं वाढली, यातूनच मी तितली आणि चिड़िया यांची अनेकवचनं नीट शिकलो. आणि हे तर अर्धं मराठी माणसांचं काम!

विजयाबाईंचं आयुष्य वाचलं तेव्हा तर त्या आपल्याच कुणीतरी वाटल्या. जन्म 1921 चा, मुंबईचा. लग्नानंतर पाटण्याला गेल्या. तिथे सिनेमाचं वेड लागलं, फिल्म सोसायटीचं काम केलं. पुढे दिल्लीत सरकारी शिक्षण खात्यात नोकरी. 1959 साली फिल्म सोसायट्यांचं फेडरेशन निघालं, सत्यजित राय अध्यक्ष, त्या पहिल्या फळीत बाई होत्या. नंतर शैक्षणिक तंत्रज्ञान केंद्राच्या प्रमुख झाल्या आणि 1975-76 मध्ये उपग्रहावरून खेड्यांतल्या मुलांसाठी कार्यक्रम गेले, त्या कामात होत्या. लोक त्यांना अक्का म्हणत. 'भुवन शोम'मधल्या सुहासिनी मुळे त्यांच्या कन्या. अक्का 2019 साली दिल्लीत गेल्या, अठ्ठ्याण्णवाव्या वर्षी.

पाटणा, दिल्ली, म्हणजे बाहेरच राहिलेली मराठी बाई. त्यांच्या हिंदीला कोणी हसलं असेल का, मला ठाऊक नाही. पण हिंदी मुलखातल्या दोन पिढ्यांना एकवचन-अनेकवचन त्यांनी शिकवलं, एवढं मला ठाऊक आहे. हे मला पाचवीत कोणी सांगितलं असतं, तर मी वर्गात थोडं जास्त बोललो असतो. एवढीच माझी हळहळ आहे. पोट बाबा म्हणाले तसंच भरलं, चित्रांवर नाही. त्याचं काही वाटत नाही.

आजी 1999 साली गेली. मागच्या दिवाळीत कंपूतलं घर आवरताना तो डबा सापडला. बरीच पानं वाळवीने खाल्ली आहेत. मार्च ते जून एवढीच नीट राहिली आहेत, सुतळीने बांधलेली. गाठ आजीच्या हातची. सहा वर्षांच्या पुतणीला मांडीवर घेऊन मी पानं सोडली. दहा सेकंद चिमणी उडाली आणि जूनच्या अखेरीला हवेतच थांबली.

पुतणी म्हणाली, "काका, हिची आवाज कुठाय?"

भाऊ तिची चूक सुधारायला तोंड उघडत होता. मी त्याला हातानेच थांबवलं आणि तिला म्हटलं, "तूच काढ." मग ती चिवचिवली, आणि आम्ही पानं पुन्हा पहिल्यापासून सोडली.

मंडळी, तुमच्या रविवारच्या सकाळी कुठल्या घरी, कुणाच्या बॅटरीवर गेल्या, तेही लिहा. आणि माळ्यावरचे जुने डबे फेकण्याआधी एकदा उघडून बघा.