खेचरांची वाट

धाकट्या भावाकडे अमेरिकेत, मेरीलँडला गेलो होतो तेव्हाची गोष्ट. पोटोमॅक नदीवरच्या ग्रेट फॉल्स धबधब्यापासून खालच्या अंगाला आम्ही दोघे चालत निघालो होतो. पायाखाली रुंद, सपाट मातीची वाट. उजव्या हाताला झाडीतून दिसणारी नदी, डाव्या हाताला संथ पाण्याचा कालवा. मागून कोणीतरी ओरडले, ‘ऑन युअर लेफ्ट!’ डावीकडे सरकायला सांगताहेत असे समजून मी झटकन डावीकडे उडी मारली आणि नेमका एका सायकलस्वाराच्या पुढ्यात आलो. त्याने कसाबसा ब्रेक दाबला. भाऊ हसून म्हणाला, ‘अरे दादा, मी तुझ्या डावीकडून पुढे जातोय, एवढंच तो सांगत होता. तू आपल्या जागी राहायचं.’

पुढच्या दीड तासात धावणारे, कुत्री घेऊन फिरणारे, गळ टाकून बसलेले, दुर्बीण लावून पक्षी शोधणारे असे कितीतरी लोक त्या एकाच वाटेवर भेटले. भावाने सांगितले, की ही वाट अशीच पुढे १८४ मैल जाते आणि वरच्या भागात तिच्यावरून घोडेस्वारही जातात. एका मोठ्या राजधानीच्या मधोमध सुरू होऊन जवळजवळ तीनशे किलोमीटर नदीकाठाच्या रानातून जाणारी आणि मध्ये कोठेही न तुटणारी ही वाट आली कोठून? भावाचे उत्तर तयार होते : ‘सुप्रीम कोर्टाच्या एका न्यायमूर्तींनी चालून वाचवली.’ तिथे हे सगळेच सांगतात. मी इतिहासाचा पदवीधर नाही, पण एका माणसाने एका आठवड्यात काही वाचवले असे कोणी सांगितले, की आधीची शंभर वर्षे पाहून यावीशी वाटतात. घरी परतल्यावर तोच उद्योग केला.

ही वाट फिरणाऱ्यांसाठी बांधलेलीच नव्हती. ती खेचरांसाठी होती. चेसापीक अँड ओहायो कॅनॉल या कालव्याचे काम ४ जुलै १८२८ रोजी सुरू झाले. आपल्याकडच्या कालव्यांसारखा हा शेतीच्या पाण्याचा कालवा नव्हे. नावांनी माल वाहून नेण्याचा होता. पोटोमॅक नदी खडकाळ, उथळ, मधूनमधून धबधब्यांची. तिच्यातून नावा चालणे कठीण, म्हणून नदीला लागूनच वेगळा पाणरस्ता खणायचा आणि तो डोंगर ओलांडून पिट्सबर्गपर्यंत, म्हणजे ओहायो नदीच्या खोऱ्यात न्यायचा, असा बेत होता. पहिली कुदळ मारायला राष्ट्राध्यक्ष जॉन क्विन्सी अॅडम्स स्वतः आले. त्यांचे फावडे मुळीला अडले. दोन-तीनदा प्रयत्न करूनही माती निघेना, तेव्हा अंगातला कोट काढून त्यांनी जोर लावला आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्याच दिवशी थोड्या अंतरावर, बाल्टिमोर शहरात, दुसरा एक समारंभ चालला होता. अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सही करणाऱ्यांपैकी तेव्हा हयात असलेले एकमेव गृहस्थ चार्ल्स कॅरोल यांच्या हस्ते बाल्टिमोर अँड ओहायो रेल्वेची कोनशिला बसत होती. कालवा आणि रेल्वे यांची शर्यत अशी एकाच दिवशी सुरू झाली.

शर्यत कालवा हरला. रेल्वे १८४२ मध्ये कम्बरलँड गावी पोचली, कालवा १८५० मध्ये. आणि तिथून पुढे डोंगर चढून जाण्याइतके पैसेच उरले नव्हते. पण जेवढे बांधले तेही थोडे नव्हते. लांबी १८४.५ मैल, चढ ६०५ फूट आणि तो चढण्यासाठी ७४ लॉक. लॉक म्हणजे दोन्ही टोकांना दारे असलेला दगडी हौद. नाव आत घ्यायची, दार लावायचे, पाणी भरून नाव वर उचलायची किंवा पाणी सोडून खाली उतरवायची. वाटेत आडव्या येणाऱ्या ओढ्या-नद्यांवरून कालवा नेण्यासाठी दगडी कमानींचे ११ जलसेतू बांधले. मजूर बहुतेक आयरिश. कॉलऱ्याने मेले, पगार थकले, आपसांत टोळ्या करून लढले. १८३४ च्या जानेवारीत राष्ट्राध्यक्ष जॅक्सन यांनी त्यांच्यावर लष्कर पाठवले. मजुरांच्या तंट्यात अमेरिकेच्या केंद्र सरकारने लष्कर वापरल्याचा हा पहिला प्रसंग मानतात.

कालवा आणि नदी यांच्यामध्ये जो मातीचा भराव उरला, तीच ही वाट. तिला तिकडे ‘टोपाथ’ म्हणतात, म्हणजे दोर बांधून नाव ओढत नेण्याची वाट. खेचरे वाटेवर, नाव पाण्यात, मध्ये लांब दोर. कोळशाने भरलेली शंभराहून अधिक टनांची नाव दोन-तीन खेचरे ओढून नेत. खेचरांच्या पाळ्या असत. एक जोडी ओढत असताना दुसरी नावेतल्याच तबेल्यात विसावा घेई. नावेवर नावाड्याचे अख्खे बिऱ्हाड राही आणि खेचरांमागे चालायचे काम बहुधा पोरांकडे असे. आज सायकलवाल्यांना या वाटेचा सपाटपणा आवडतो तो त्या खेचरांमुळे : जिथे पाणी चढत नाही तिथे वाटही चढत नाही. चढ येतो तो फक्त लॉकपाशी, चार पावलांचा.

वाट वाटून घेण्याचा प्रश्नही तेव्हापासूनचा. समोरासमोर दोन नावा आल्या तर दोर एकाच बाजूला, वाट एकच. मग एकीने थांबून दोर सैल सोडायचा, तो पाण्यात बुडला की दुसरीने त्याच्यावरून निघून जायचे. मान भरून खाली येणाऱ्या नावेचा. रिकामी वर जाणारी थांबे. पॉपॉ येथे डोंगरातून ३११८ फुटांचा बोगदा आहे. तो खणायला १८३६ ते १८५० अशी चौदा वर्षे गेली आणि आतून सुमारे साठ लाख विटांचे अस्तर लागले. त्यात एका वेळी एकच नाव मावे. दोन नावाडी त्या बोगद्यात समोरासमोर आले, कोणीच मागे हटेना, असे कित्येक दिवस गेले. शेवटी कालव्याच्या मुकादमाने बोगद्याच्या तोंडाशी मक्याची ओली ताटे पेटवून दोघांना धुराने बाहेर काढले, अशी एक गोष्ट सांगतात. सांगोवांगीची आहे, पण माणसांचा स्वभाव पाहता खोटी वाटत नाही.

आता या कहाणीतला माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा भाग, जो तिथल्या पाट्यांवर फार ठळक नसतो. १८८९ च्या महापुराने कालवा फोडून टाकला आणि कंपनी बुडाली. बुडालेल्या कंपनीचे काय होते हे आपल्याला ठाऊक आहे. मालमत्ता लिलावात निघते, तुकडे पडतात, प्रत्येक गावचा वजनदार माणूस आपापला तुकडा घेतो आणि पंचवीस वर्षांनी अशी काही वाट होती हेही कोणाला आठवत नाही. इथे तसे झाले नाही, कारण कालव्याचे सर्वांत मोठे कर्जरोखे जुन्या प्रतिस्पर्ध्याच्या, म्हणजे बाल्टिमोर अँड ओहायो रेल्वेच्या हाती होते. कालव्याची सलग, सपाट जमीन विक्रीला निघाली तर वेस्टर्न मेरीलँड रेल्वे ती घेईल आणि नदीकाठाने रूळ टाकून आपल्या शेजारीच धंदा मांडेल, ही तिला धास्ती होती. म्हणून तिने न्यायालयामार्फत कालवा ताब्यात घेतला, दुरुस्त केला आणि तोटा सोसून चालू ठेवला. १९२४ च्या पुरानंतर नावा कायमच्या बंद पडल्या, तरी पट्टा तिच्याच हाती राहिला. पुढे महामंदीत ती स्वतः कर्जात सापडली आणि १९३८ मध्ये तिने संपूर्ण कालवा वीस लाख डॉलरला केंद्र सरकारला विकला. थोडक्यात, पन्नासेक वर्षे तो पट्टा एकाच हाती राहिला. प्रेमापोटी नव्हे, भाऊबंदकीपोटी. नावा बंद पडल्यावर काठच्या भरावांवर झाडे उगवली आणि कालव्याच्या कोरड्या पात्रातही रान माजले. आज आपण ज्याला नदीकाठचे जंगल म्हणून हिंडतो, त्यातले कितीतरी या दिवाळखोरीनंतरचे आहे.

सरकारने घेतल्यावर वॉशिंग्टनकडचे २२ मैल पहिल्यांदा दुरुस्त झाले. ते काम बेकार तरुणांच्या सरकारी श्रमतुकड्यांनी केले आणि त्या दोन्ही तुकड्या कृष्णवर्णीयांच्या होत्या. त्या काळी या तुकड्या गोऱ्यांच्या वेगळ्या, काळ्यांच्या वेगळ्या असत. न्यायमूर्तींच्या चालण्याची गोष्ट सांगणारे या मुलांचे नाव क्वचित घेतात, म्हणून मुद्दाम इथे लिहितो.

मग ते चालणे. १९५० मध्ये सरकारी खात्यांनीच असा आराखडा केला, की कालव्याच्या पट्ट्यावरून मोटारींसाठी रम्य रस्ता काढावा. लोकांना गाडीत बसून नदी पाहता येईल. ३ जानेवारी १९५४ च्या ‘वॉशिंग्टन पोस्ट’ने अग्रलेख लिहून या रस्त्याला पाठिंबा दिला. सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती विल्यम डग्लस या वाटेवर नेहमी फिरायला जात. त्यांनी संपादकांना पत्र पाठवले, ते १९ जानेवारीला छापून आले. त्याचा आशय असा : तुम्ही माझ्याबरोबर या सगळ्या वाटेने चाला, पाठीवर पिशवी घ्या, उघड्यावर झोपा, मग तुमचे मत बदलेल याची मला खात्री आहे. संपादक कबूल झाले. २० मार्चला कम्बरलँडहून मंडळी निघाली. वन्यजीवशास्त्रज्ञ ओलाउस म्युरी आणि निसर्गरक्षण चळवळीतले सिगर्ड ओल्सन व हार्वी ब्रूम यांच्यासारखी जाणती माणसे बरोबर होती. सुरुवातीला सुमारे साठ जण होते. बर्फ, पाऊस आणि पायाचे फोड यांनी एकेक गळत गेला. २७ मार्चला वॉशिंग्टनला पोचले तेव्हा सबंध अंतर पायी चाललेले नऊच उरले होते. डग्लस त्यांतले एक, वय पंचावन्न.

डग्लस यांच्याविषयी दोन शब्द. लहानपणी पोलिओ झाला आणि डोंगर चढून चढून आपण पाय बळकट केले, असे त्यांनी लिहून ठेवले आहे; त्यांच्या चरित्रकाराने तो आजार पोलिओ होता का याविषयीच शंका घेतली. पुढल्याच वर्षी, १९५५ मध्ये, कलकत्त्यात टागोर विधी व्याख्याने द्यायला आलेले न्यायमूर्ती ते हेच. नद्या, डोंगर, झाडे यांच्या नावाने न्यायालयात दाद मागता यावी, असे १९७२ च्या एका खटल्यातील भिन्नमतपत्रात लिहिणारेही हेच. पण सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशाने सरकारी योजनेविरुद्ध असा जाहीर मोर्चा काढावा का? आज तसे झाले तर आपण काय म्हणू, हा प्रश्न मला पडला. आणि हेही खरे, की त्यांनी तसे केले नसते तर मी त्या वाटेवर चाललो नसतो.

पण ‘चालून वाचवली’ हे मात्र अर्धेच खरे. चालण्याने बदलले ते एका वर्तमानपत्राचे मत, आणि तेही पूर्ण नव्हे : संपूर्ण रस्त्याचा आग्रह सोडून काही भागांपुरता तो मान्य, इथवर ‘पोस्ट’ आले. चालणाऱ्यांनी स्थापलेल्या समितीतून पुढे एक संघटना उभी राहिली आणि तिने नेटाने पाठपुरावा केला. १९६१ च्या जानेवारीत आयझेनहॉवर यांनी पायउतार होता होता कालव्याला राष्ट्रीय स्मारक ठरवले, तर आपल्याला न विचारता केले म्हणून काँग्रेसमधले काही जण रुसले आणि पुढची वर्षे उद्यानाचा कायदा अडून राहिला. दरम्यान लष्कराच्या अभियंत्यांनी पोटोमॅकवर सेनेका येथे धरणाचा बेत मांडला; ते झाले असते तर वाटेचा मोठा भाग पाण्याखाली गेला असता. अखेर ८ जानेवारी १९७१ रोजी निक्सन यांच्या सहीने राष्ट्रीय ऐतिहासिक उद्यान झाले. चालण्यापासून सहीपर्यंत सतरा वर्षे. त्यानंतरही ज्यांची घरे नदीकाठी पट्ट्यालगत होती त्यांच्या जमिनी घेतल्या गेल्या, काहींना ठरावीक मुदतीपुरते राहू दिले. त्यांच्या लेखी ही गोष्ट वाचवण्याची नाही.

आजचे नियम वाचताना मला बोगद्यातले ते दोन नावाडी आठवले. सायकलवाल्याने सर्वांना वाट द्यायची, घंटा वाजवायची, वेग तासाला १५ मैलांवर नेायचा नाही, जलसेतूवर उतरून सायकल हाताने न्यायची. घोडा किंवा खेचर आले तर सगळ्यांनी थांबायचे. ग्रेट फॉल्सजवळ खडकांवरून जाणारी ‘बिली गोट ट्रेल’ नावाची अवघड फाटा-वाट आहे, ती फक्त पायी चालणाऱ्यांची. म्हणजे सगळ्यांना सगळीकडे मोकळीक नाही. पण मुख्य वाटेवर कोणालाच मज्जाव नाही, आणि मान अजूनही ओझे ओढणाऱ्या जनावराचा.

पिट्सबर्ग मात्र कालव्याला कधी गाठता आले नाही. ते राहिलेले अंतर २०१३ मध्ये पुरे झाले, पाण्याने नव्हे. कम्बरलँडपासून पिट्सबर्गपर्यंत १५० मैलांची सायकलींची आणि पायी चालणाऱ्यांची वाट आता खेचरांच्या वाटेला येऊन मिळते. बंद पडलेल्या रेल्वेमार्गांचे रूळ उखडून ती केली आहे. कम्बरलँडहून निघताना तिचा पहिला मोठा टप्पा ज्या रेल्वेच्या जुन्या मार्गावरून जातो, ती वेस्टर्न मेरीलँड रेल्वे.