कॅरिओफायलीन, बीटा–

लवंग, काळी मिरी, भांग इ. वनस्पतींच्या बाष्पनशील तेलांतील सेस्क्विटर्पीन संयुग. रेणूत कार्बनचे १५ व हायड्रोजनचे २४ अणू असतात. भांगेतील काही संयुगे शरीरातील ज्या ग्राहींना जोडली जातात, ते कॅनाबिनॉइड ग्राही मुख्यत्वे दोन : सीबी१ प्रामुख्याने मेंदूत, तर सीबी२ प्रतिकारक्षम पेशींवर. भांगेची नशा तिच्यातील टीएचसी हे संयुग सीबी१ला जोडले गेल्याने येते. बीटा-कॅरिओफायलीन मात्र फक्त सीबी२ला जोडले जाऊन त्याला कार्यान्वित करते. त्यामुळे पेशीतील चक्रीय एएमपी या संदेशवाहक रेणूची निर्मिती घटते आणि दाहकारक द्रव्यांचे स्रवण मंदावते. हा शोध युर्ग गेर्ट्श व सहकाऱ्यांनी २००८ मध्ये प्रसिद्ध केला. त्यांच्या प्रयोगात हे संयुग तोंडावाटे दिल्यावर सामान्य उंदरांच्या पंजाची सूज कमी झाली, सीबी२ नसलेल्या उंदरांत ती कमी झाली नाही. परिणाम याच ग्राहीमार्फत होतो, याचा इतका स्वच्छ पुरावा वनस्पतिज तेलांच्या अभ्यासात क्वचितच मिळतो. रेणूची ठेवण येथे निर्णायक आहे : त्याच तेलांतील अल्फा-ह्युम्युलीन, तसेच कॅरिओफायलीन ऑक्साइड सीबी२ला जोडले जात नाहीत. गोड्या मसाल्यातूनही हे संयुग आहारात येते. पण आहारातील अल्प प्रमाण म्हणजे औषधाची मात्रा नव्हे, आणि लवंगेच्या तेलात प्राबल्य युजेनॉलचे असल्याने ते तेल पिणे धोक्याचे आहे.