वर्षभराचं जेवण, ३९ डॉलर ९३ सेंट

१९४५ साली ‘जर्नल ऑफ फार्म इकॉनॉमिक्स’ या अमेरिकी नियतकालिकात जॉर्ज स्टिगलर या अर्थतज्ज्ञाने एका माणसाच्या वर्षभराच्या वाणसामानाची यादी छापली. गव्हाचं पीठ ३७० पौंड, आटवलेल्या दुधाचे ५७ डबे, कोबी १११ पौंड, पालक २३ पौंड आणि वाळलेला पांढरा घेवडा २८५ पौंड. बस्स. तेल नाही, साखर नाही, चहा-कॉफीचं तर नावच नको. ऑगस्ट १९३९ च्या भावाने या सगळ्याचे होतात ३९ डॉलर ९३ सेंट, म्हणजे दिवसाला जेमतेम ११ सेंट. घेवड्याचा हिशेब केला तर रोजचा साधारण साडेतीनशे ग्रॅम येतो, तोही कोरडा. पोटाचं पुढे काय होत असेल याचा विचार न केलेलाच बरा.

स्टिगलरला कुणाला उपाशी मारायचं नव्हतं. त्याचा सवाल आहारतज्ज्ञांना होता. स्वस्त आणि सकस म्हणून ते ज्या याद्या सुचवत, त्या त्याच्या यादीच्या दुप्पट-तिप्पट महाग पडत. मग वरचे पैसे कशाचे? चवीचे, रोज तेच तेच नको म्हणून होणाऱ्या बदलाचे आणि अमुक पदार्थ पानात असलाच पाहिजे या प्रतिष्ठेचे, असं त्याचं उत्तर होतं. या गोष्टी वाईट आहेत असं तो म्हणत नव्हता. शरीराच्या गरजेचा खर्च वेगळा दाखवा आणि रीतिरिवाजाचा वेगळा, दोन्ही एका पोत्यात भरून त्यावर ‘शास्त्रीय किमान’ अशी चिठ्ठी लावू नका, एवढंच त्याचं म्हणणं.

हिशेब मांडण्याची त्याची पद्धत कुठल्याही काटकसरी घरात पटेल अशी होती. अमेरिकेच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलने १९४३ मध्ये आहाराची प्रमाणं ठरवून दिली होती. त्यातून त्याने ७० किलो वजनाच्या, बेताची मेहनत करणाऱ्या पुरुषाच्या रोजच्या नऊ गरजा घेतल्या : ३००० कॅलरी, ७० ग्रॅम प्रथिनं, कॅल्शियम, लोह आणि पाच जीवनसत्त्वं. मग ७७ पदार्थ समोर ठेवले आणि प्रत्येकाला एकच प्रश्न विचारला, एका डॉलरमध्ये तू काय काय देतोस? पिठाने सांगितलं, ४४,७०० कॅलरी आणि १,४११ ग्रॅम प्रथिनं. पण ‘अ’ आणि ‘क’ जीवनसत्त्वांच्या रकान्यात भोपळा. डॉलरभर पालकात ‘अ’ जीवनसत्त्व सहा महिने पुरेल इतकं. डॉलरभर कोबीत ‘क’ जीवनसत्त्व ७१ दिवसांचं.

आता यादी पुन्हा पाहिली की तिचं मर्म कळतं. १११ पौंड कोबी कशाला? वर्षाला लागणारं ‘क’ जीवनसत्त्व २७,३७५ मिलिग्रॅम. कोबी, पालक आणि दूध यांची बेरीज करा, ती या आकड्याच्या जेमतेम पुढे जाते. कोबी पाव किलोने कमी केला तरी माप तुटतं. पालक ‘अ’ जीवनसत्त्वासाठी असाच काठोकाठ मोजलेला, तर मुख्यतः दूध आणि घेवड्याच्या जोरावर कॅल्शियमची अट कशीबशी गाठली जाते. याउलट लोह मात्र गरजेच्या चौपट पडतं. ते कुणी मागितलेलं नाही, घेवडा आणि पीठ ते फुकटात घेऊन येतात. खर्च ठरतो काठावर आलेल्या अटींवर. ज्या अटी आपोआप पुऱ्या होतात त्यांना किंमत नसते.

ही यादी स्टिगलरने मोठ्या खटपटीने मिळवली होती. प्रत्येक बाबतीत दुसऱ्या कुठल्या तरी पदार्थापेक्षा महाग पडणारे पदार्थ त्याने आधी बाजूला काढले. ७७ चे १५ उरले, त्यातूनही काही गळाले आणि उरलेल्यांच्या वेगवेगळ्या जुळण्या तो करून पाहत राहिला. अशा प्रश्नाचं नेमकं किमान उत्तर काढणारी सरळ रीत आपल्याला दिसत नाही, हे त्याने लेखातच कबूल केलं होतं.

खरं तर रीत जन्माला आली होती, पण दूर लेनिनग्राडमध्ये. प्लायवूडच्या कारखान्याच्या एका प्रश्नावरून लिओनिद कांतोरोविचने १९३९ मध्येच या जातीची गणितं सोडवण्याचा मार्ग छापला होता. अमेरिकेत त्याचा पत्ता नव्हता. तिथे १९४७ मध्ये हवाई दलाच्या नियोजनाचं काम करताना जॉर्ज डॅन्झिग याने स्वतंत्रपणे ‘सिम्प्लेक्स’ पद्धत शोधली आणि ती चालते का हे पाहायला त्याला एक तयार, बऱ्यापैकी मोठा प्रश्न हवा होता. स्टिगलरची यादी हाताशी होतीच.

चाचणी घेतली न्यूयॉर्कच्या मॅथेमॅटिकल टेबल्स प्रोजेक्टमधल्या जॅक लेडरमनने. हा प्रकल्प मुळात १९३८ मध्ये, मंदीत बेकार झालेल्यांना आकडेमोडीचं काम देण्यासाठी सुरू झालेला. आपल्याकडच्या रोजगार हमीसारखाच, फक्त हातात फावड्याऐवजी पेन्सिल. नऊ समीकरणं, ७७ अज्ञात संख्या, टेबलावरची हाताने चालवायची गणनयंत्रं. नऊ कारकुनांची मिळून १२० दिवसांची मजुरी खर्ची पडली आणि उत्तर आलं ३९ डॉलर ६९ सेंट. म्हणजे स्टिगलर अंदाजाने आणि चिकाटीने गेला होता आणि वर्षाच्या हिशेबात चुकला होता फक्त २४ सेंटांनी. आजचा लॅपटॉप हेच गणित डोळ्याची पापणी लवायच्या आत सोडवतो. नेमक्या उत्तरात स्टिगलरच्या यादीतून आटवलेलं दूध जातं आणि गाईची कलेजी आत येते. बाकी मंडळी तीच.

सिम्प्लेक्सची युक्ती अशी. सगळ्या अटी पाळणाऱ्या खरेद्यांचा मिळून अनेक बाजूंचा एक आकार तयार होतो आणि सर्वांत स्वस्त खरेदी त्याच्या एखाद्या कोपऱ्यावर हमखास सापडते. तेव्हा कुठल्याही कोपऱ्यावरून निघायचं, खर्च कमी होईल अशी कड धरून पुढच्या कोपऱ्यावर जायचं आणि कुठलीच कड स्वस्ताईकडे नेईनाशी झाली की थांबायचं. कोपऱ्यावरच्या उत्तराचा आणखी एक गुण असा की त्यात अटींच्या संख्येहून जास्त पदार्थ येतच नाहीत. अटी नऊ, तर फार तर नऊ पदार्थ. बाजारात ७७ असोत की ७७ हजार. स्टिगलरची यादी कंटाळवाणी निघाली त्यात त्याच्या जिभेचा दोष नव्हता, तो गणिताचाच स्वभाव आहे. ताटात विविधता हवी असेल तर तीही अट म्हणून लिहून द्यावी लागते.

हा धडा खुद्द डॅन्झिगला घरी मिळाला. पुढे रँड कॉर्पोरेशनमध्ये असताना डॉक्टरांनी त्याला वजन उतरवायला सांगितलं. गणिती माणूस, तो पथ्याचा कागद थोडाच घेणार! त्याने पाचशेहून जास्त पदार्थ संगणकात भरले आणि पोट भरल्यासारखं जास्तीत जास्त वाटावं म्हणून पाण्याचं वजन वगळून उरणारं वजन वाढवायला सांगितलं. यंत्राने सुचवलं, ५०० गॅलन व्हिनेगर प्या. व्हिनेगरच्या रकान्यात पाण्याचा अंश शून्य पडला होता, त्यामुळे यंत्राला ते भक्कम अन्न वाटलं. व्हिनेगर काढल्यावर यंत्र म्हणालं, दिवसाला सूपच्या २०० वड्या. डॅन्झिगने खरोखरच तीन-चार वड्या पाण्यात विरघळवून पाहिल्या आणि मिठाने तोंड खारट झाल्यावर त्याच्या ध्यानात आलं की मिठाला वरची मर्यादा घालायची राहूनच गेली आहे. त्यानंतर कोंड्याची पाळी आली, मग काळ्या काकवीची. शेवटी पत्नी ॲनने सूत्रं हाती घेतली. यंत्राच्या याद्यांतलं घेण्यासारखं तेवढं घेऊन तिने आपल्या बुद्धीने जेवण आखलं आणि नवऱ्याचं वजन २२ पौंडांनी उतरवलं.

कांतोरोविचला १९७५ मध्ये नोबेल मिळालं, स्टिगलरला १९८२ मध्ये अर्थशास्त्रातल्या दुसऱ्या कामासाठी. डॅन्झिगला ते कधीच मिळालं नाही आणि हे अनेकांना खटकलं, ते रास्तच होतं. ग्वाल्हेरच्या मराठी कुटुंबात जन्मलेल्या, मुंबई आयआयटीत शिकलेल्या नरेंद्र करमरकर यांनी १९८४ मध्ये अमेरिकेतल्या बेल लॅब्समध्ये दुसरी वाट काढली : कोपऱ्या-कोपऱ्याने न फिरता थेट आकाराच्या पोटातून जाण्याची. ७७ पदार्थांसाठी तिची गरज नाही. अफाट मोठ्या प्रश्नांना मात्र तिचा उपयोग झाला.

स्टिगलरचा हिशेब मनापासून उचलला तो चाऱ्याच्या धंद्याने. १९५१ मध्येच फ्रेडरिक वॉ याने दुभत्या गाईंच्या स्वस्त खुराकाचं गणित असं मांडून दाखवलं. आज कोंबडीखाद्याच्या कारखान्यांत मका किंवा सोयापेंडीचा भाव हलला की मिश्रण पुन्हा काढतात. तिथल्या अटी म्हणजे ऊर्जा, प्रथिनं, लायसिन, मेथिओनिन, कॅल्शियम, फॉस्फरस. वरच्या मर्यादाही असतात. सरकी पेंड स्वस्त पडली तरी तिच्यातल्या गॉसिपॉल या विषारी द्रव्यामुळे कोंबड्यांना ती बेतानेच द्यावी लागते.

माणसांच्या बाबतीत हे गणित आता गरिबीचा अंदाज घ्यायला वापरतात. ‘सेव्ह द चिल्ड्रन’ या संस्थेने बनवलेली ‘कॉस्ट ऑफ द डाएट’ ही प्रणाली एखाद्या भागातले बाजारभाव घेऊन आधी फक्त ऊर्जा पुरवणाऱ्या स्वस्तात स्वस्त आहाराचा खर्च काढते, मग सर्व पोषक घटकांसह आणि शेवटी तिथले लोक खरोखर जे जेवतात ते धरून. तिसरा आकडा दुसऱ्याहून कधीच कमी येत नाही, कारण अट वाढवल्याने किमान खर्च कधी उतरत नाही. हे तीन आकडे कुटुंबाच्या कमाईशेजारी ठेवले की पोषण नेमकं कुठे अडतं ते दिसतं. बाजारात पौष्टिक अन्न असूनही कित्येक घरांना दुसरा आकडासुद्धा परवडत नाही आणि अशा घरांना आहाराचं ज्ञान देत बसण्यात काही अर्थ नाही.