घोड-भीमेकाठचे कुमारवाचक

पुण्याहून नगरकडे जाणाऱ्या रस्त्यावर घोडनदीच्या काठी शिरूर आणि पुण्याहून सोलापूरकडे जाणाऱ्या लोहमार्गावर भीमेच्या काठी दौंड, हे दोन्ही कसबे एकाच जिल्ह्यातले आणि पर्जन्याच्या बाबतीत सारखेच अभागी. परंतु एकास छावणीने वाढविले आणि दुसऱ्यास आगगाडीने. अशा ठिकाणी तेरा ते अठरा या वयाची मुले-मुली काय वाचीत, त्यांना वाचावयास कोण देत असे आणि देणाऱ्याचा हेतू काय असे, या प्रश्नाकडे आपल्याकडे फारसे कोणी वळलेले दिसत नाही. ग्रंथालयांचे इतिहास लिहिले गेले ते बहुधा संस्थापकांचे, इमारतींचे आणि देणगीदारांचे. मिसरूडही न फुटलेल्या वाचकाची त्यात कोणी दखल घेत नाही.

या मुलुखातील सामान्य कुणब्याच्या घरात लिहिलेला कागद प्रथम शिरला तो पुस्तकाच्या नव्हे, कर्जरोख्याच्या रूपाने, आणि तो रोखा बहुधा मोडीत असल्यामुळे, ज्याच्या अंगठ्याची निशाणी त्यावर असे त्यालाच त्यातले एक अक्षर लागत नसे. १२ मे १८७५ रोजी, त्या काळी भीमथडी तालुक्यात मोडणाऱ्या सुपे या बाजाराच्या मोठ्या गावी शेतकऱ्यांचा जमाव सावकारांच्या घरांवर चालून गेला, आणि पाहता पाहता ही आग भीमथडी, शिरूर, इंदापूर आणि पलीकडे नगर जिल्ह्यात पसरली. इतिहासाच्या पुस्तकांत दक्षिणेतील दंगे म्हणून नमूद असलेल्या या प्रकरणात जमावाची मुख्य मागणी धान्याची किंवा रोकडीची नव्हती, तर रोखे, खतावण्या आणि हुकूमनामे बाहेर काढा एवढीच होती. ते हाती पडले की त्यांची होळी करून लोक पुष्कळदा सावकाराच्या अंगास हातही न लावता परतत. या दंग्यांची चौकशी होऊन १८७९ साली शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा झाला, हे सर्वश्रुत आहे. आपल्या विषयापुरते ध्यानात घ्यावयाचे ते एवढेच, की ज्या मुलांनी ती होळी पाहिली त्यांच्या लेखी कागद ही जाळण्याची वस्तू होती. सरकारी शाळेतील क्रमिक पुस्तके बाळबोध, म्हणजे देवनागरी, छापाची होती. शाळेत मोडीही शिकवीत, पण पुस्तक धडाधडा वाचणाऱ्या मुलाला बापाचा रोखा वाचता येईलच असा भरवसा नसे.

ग्रंथालये मात्र शिरूरच्या दोन्ही बाजूंना होती. नगरचे वाचनालय १८३८ सालचे, आणि लोकहितवादींच्या पुढाकाराने पुण्यात स्थापन झालेली नेटिव्ह जनरल लायब्ररी, म्हणजेच आजचे पुणे नगर वाचन मंदिर, १८४८ सालची. शिरूर या दोहोंच्या जवळजवळ मधोमध. पण जो वर्गणी देईल तो सभासद, हाच या संस्थांचा पाया असल्यामुळे त्यांचे वाचक म्हणजे वकील, कारकून, शिक्षक आणि पेन्शनर. पोरासोरांचा तेथे संबंध आलाच तर वडिलांचे पुस्तक बदलून आणण्यापुरता. ज्या वयात वाचनाचा नाद जडावयाचा त्या वयाचाच मनुष्य ग्रंथालयाच्या उंबऱ्याबाहेर उभा राहिला, आणि ही रीत, दुर्दैवाने, पुढे शंभर वर्षे टिकली.

शिरूरची छावणी तशी प्रसिद्धच आहे. १८१७ च्या ३१ डिसेंबरच्या रात्री कोरेगावच्या लढाईतला इंग्रज सेनानी कॅप्टन स्टॉन्टन पुण्याकडे निघाला तो येथूनच. छावणीने तरुणांना घोड्याचा लगाम दिला, पुस्तक दिले नाही. पुस्तक आणले ते अमेरिकन मराठी मिशनने. नगरास मुख्य ठाणे असलेल्या या मिशनने १८४० नंतर शिरूरला ठाणे केले, शाळा काढल्या, आणि १८४२ साली नगरास सुरू झालेला त्यांचा ‘ज्ञानोदय’ व पुढे तीस वर्षांनी निघालेला ‘बालबोधमेवा’ यांनी मुलांसाठी नियतकालिक असू शकते ही कल्पनाच या भागात रुजविली. त्याच मिशनचे रिचर्ड विन्सर यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस शिरूरला सर दिनशा माणकजी पेटिट यांच्या नावाची औद्योगिक शाळा चालविली, आणि तेथे मुले घायपाताचे तंतू काढण्यासारखे उद्योग शिकत. अक्षर आणि अवजार एकाच छपराखाली आले, ते असे.

परंतु या दोन तालुक्यांच्या वाचनाच्या इतिहासातील सर्वांत विलक्षण प्रकरण शिरूरचे नाही, तेव्हाच्या भीमथडी आणि आजच्या दौंड तालुक्यातील केडगावचे आहे. पंडिता रमाबाईंनी ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत स्थापन केलेले शारदासदन, म्हणजे विधवा मुलींची निवासी शाळा, पुढील वर्षी पुण्यास आले, आणि तेथे मुलींच्या धर्मांतराच्या आरोपावरून मोठे वादळ उठले. नंतर १८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाई मध्यप्रांतात जाऊन निराधार मुलींना घेऊन आल्या, आणि प्लेगच्या बंदोबस्तामुळे पुण्यात त्यांची सोय लागेना, तेव्हा केडगावच्या माळरानावर घेतलेल्या जमिनीत त्यांनी मुक्तिसदन उभे केले. १९०० च्या दुष्काळात गुजरातेतूनही मुली आल्या. कोणी हिंदी बोलणारी, कोणी गुजराती, बहुतेक निरक्षर, आणि कित्येकींचे वय नेमके तेच, ज्या वयाला अन्यत्र सासर हीच पाठशाळा होती. या मुलींना मराठी लिहा-वाचावयास शिकवून रमाबाई थांबल्या नाहीत. त्यांनी छापखाना घातला आणि त्याचे काम मुलींच्या हाती दिले. खिळे जुळविणे, प्रुफे तपासणे, यंत्र चालविणे, फर्मे दुमडणे, पुस्तके बांधणे, ही सारी कामे मुली करू लागल्या.

खिळे जुळविणाऱ्याला ओळ उलटी वाचावी लागते, अक्षर न् अक्षर बोटांनी चाचपावे लागते, काना-मात्रेची चूक झाली तर प्रुफावर आपलीच फजिती तांबड्या शाईने पाहावी लागते. याहून निकट वाचन मला ठाऊक नाही. बायबलाचे मूळ हिब्रू आणि ग्रीक भाषांतून सुबोध मराठीत भाषांतर करावे म्हणून रमाबाई उतारवयात त्या दोन्ही भाषा शिकल्या, हिब्रूचे व्याकरण त्यांनी मराठीत लिहिले, आणि ही सारी पृष्ठे याच मुलींच्या हातांतून छापली गेली. अंध मुलींना ब्रेल लिपी शिकविण्याचे काम त्यांची कन्या मनोरमाबाई यांनी केले. त्याच माळरानावर, ज्यांना डोळे नाहीत अशा मुलीही बोटांनी वाचू लागल्या. मनोरमाबाई १९२१ साली गेल्या, रमाबाई ५ एप्रिल १९२२ रोजी. भाषांतराचे काम तोवर हातावेगळे झाले होते. रमाबाईंचा धर्मविषयक हेतू ज्यांना मान्य नाही त्यांत मीही आहे, आणि एकाच ग्रंथाभोवती फिरणारे वाचन हे मुक्त वाचन नव्हे, हा आक्षेप मी सोडणार नाही. तथापि रोख्यांची होळी पाहिलेल्या पिढीच्या हयातीतच, त्याच भीमथडीत दुष्काळाने टाकून दिलेल्या मुली अक्षरांच्या केवळ ग्राहकच नव्हे तर कर्त्या झाल्या, ही गोष्ट आमच्या कोणत्याही वाचनालयाला तेव्हा साधली नव्हती.

दौंडची कथा त्या मानाने थोडक्यात सांगण्यासारखी. १८५८ साली पुण्याहून पूर्वेकडे लोहमार्ग निघाला, १८७८ मध्ये दौंड-मनमाड लोहमार्ग खुला झाला, आणि भीमेकाठचे एक गाव जंक्शन बनले. पुण्यात छापलेले वर्तमानपत्र थोड्या वेळात येथे पोचू लागले. १९०६ साली वासुदेव गोविंद आपट्यांनी पुण्यास काढलेल्या ‘आनंद’ मासिकासारखी मुलांची मासिके टपालाने आडगावांतही जाऊ लागली. पण टपाल ज्याच्या नावाने येते तोच वर्गणीदार, आणि वर्गणीदार पुन्हा वडीलच.

त्याच सुमारास बडोद्यात काय चालले होते ते पाहिले म्हणजे आपली उणीव कळते. तेथील महाराज सयाजीरावांनी १९१० साली अमेरिकेहून ग्रंथपाल बॉर्डन यांना बोलावून संस्थानभर ग्रंथालयांचे जाळे विणले, मुलांसाठी स्वतंत्र दालन उघडले आणि पुस्तकांनी भरलेल्या लाकडी पेट्या गावोगाव फिरविल्या. मुंबई इलाख्यात सरकारला जाग आली ती १९३९ साली. त्या वर्षी नेमलेल्या फैजी समितीने मध्यवर्ती ग्रंथालयापासून खेड्यापर्यंत पायऱ्यांची योजना आखली. प्रत्यक्षात वरच्या पायऱ्या आधी बांधल्या गेल्या आणि खेड्याची पायरी दीर्घकाळ कागदावर राहिली. १९६७ चा महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम १ मे १९६८ पासून अमलात आला, मग अनुदान आले, अ, ब, क, ड असे वर्ग आले, तपासणी आली, दप्तर आले. पाट्यांवर महिला विभाग आणि बालविभाग हे शब्दही दिसू लागले. कुमारविभाग ही पाटी मात्र अजूनही विरळाच.

साहित्य नव्हते म्हणावे तर तेही खरे नाही. साने गुरुजी होते, बाबुराव अर्नाळकरांच्या रहस्यकथा होत्या (गुरुजनांनी नाके मुरडली म्हणूनच पोरांनी त्या अधिक वाचल्या), भा. रा. भागवतांचा फुरसुंगीचा फास्टर फेणे होता, आणि १९७१ च्या दिवाळीत पाठ्यपुस्तक मंडळाने ‘किशोर’ मासिक काढून या वयाला त्याचे नाव देण्याचा विवेक दाखविला. ग्रंथालयांनी मात्र हा धडा गिरविला नाही.

ग्रंथालयांबाहेर मात्र एक प्रयोग झाला. १९८३ साली डॉ. श्रीनाथ कलबाग हे शास्त्रज्ञ मुंबईची नोकरी सोडून शिरूर तालुक्यातील पाबळ येथे आले आणि त्यांनी विज्ञान आश्रम काढला. शाळा सुटलेल्या मुलांनी बांधकाम, सुतारकाम, वीज, शेती यांची कामे हाताने करावीत, त्यांचा हिशेब मांडावा, आराखडा वाचावा आणि काढावा, असा तेथील शिरस्ता. विन्सर, रमाबाई आणि कलबाग यांच्यात श्रद्धेचे किंवा विचाराचे फारसे साम्य नसेल, पण या तालुक्यांत तरुण हात कागदाशी खऱ्या अर्थाने जडले ते याच तीन ठिकाणी, जेथे वाचल्याशिवाय काम अडत होते.

आज पाहावे तर या वयाची मुले-मुली ग्रंथालयाच्या वाटेला येतात ती अभ्यासिकेपुरती. दौंडला राज्य राखीव पोलीस दलाचे गट आहेत, भरतीची स्वप्ने घरोघर आहेत. मुले सकाळी जागा धरतात, स्वतःच्याच पिशवीतले मार्गदर्शक उघडतात, आणि पाठीमागच्या कपाटाला कुलूप आहे की नाही याची त्यांना वार्ताही नसते. २०१५ पासून डॉ. अब्दुल कलामांच्या जन्मदिनी, १५ ऑक्टोबरला, शाळाशाळांतून वाचन प्रेरणा दिन साजरा होतो, त्या दिवशी पुस्तके मांडली जातात, आणि सोळा तारखेस पुष्कळ ठिकाणी ती पुन्हा कपाटात जातात.

म्हणून शिरूर आणि दौंड येथील ग्रंथालयांच्या कार्यकारी मंडळांना माझी विनंती आहे, की येत्या वर्षीच्या ग्रंथखरेदीच्या समितीवर नववी ते बारावीतील दोन मुले आणि दोन मुली घ्याव्यात, पुस्तकांची नोंद, बांधणी आणि मांडणी यांतले काही काम त्यांच्या हाती सोपवावे, भित्तिपत्रक त्यांना काढू द्यावे, आणि अभ्यासिकेतल्या एका कपाटाचे कुलूप काढून ठेवावे. यासाठी वेगळ्या अनुदानाची आवश्यकता नाही.