करवीरचे दोन हुकूम

इतिहासांतील मोठ्या घटना म्हटल्या म्हणजे आपल्या डोळ्यांपुढें लढाया, तह आणि राज्याभिषेक उभे राहतात. परंतु कांहीं वेळां सरकारी गॅझेटांतील थोडकाच मजकूर एखाद्या लढाईहूनहि अधिक उलथापालथ घडवून आणतो. कोल्हापूरच्या इतिहासांत असे दोन हुकूम आहेत. पहिला १९०२ चा; तो बहुतेक सुशिक्षित मराठी कुटुंबांस निदान ऐकून तरी ठाऊक असतो. दुसरा १९१९ चा. त्याचा उल्लेख त्या मानानें क्वचितच होतो. हे दोन्ही हुकूम शेजारीं ठेवून वाचल्यावांचून शाहू छत्रपतींनीं नोकऱ्यांच्या बाबतींत जें केलें त्याचें मर्म पुरतें ध्यानांत येत नाहीं, असें मला वाटतें.

२ एप्रिल १८९४ रोजीं महाराजांनीं कारभार हातीं घेतला, तेव्हां त्यांच्या वयाचीं वीस वर्षेंहि पुरीं झालीं नव्हतीं. त्या वेळच्या दरबारचा हिशेब असा : अधिकाऱ्यांच्या ७१ जागांपैकीं ६० जागांवर ब्राह्मण होते, आणि कारकुनीच्या ५०० जागांपैकीं अवघ्या १० जागा ब्राह्मणेतरांच्या वांट्यास आल्या होत्या. लोकवस्तींत ज्या वर्गाचा हिस्सा अगदीं थोडा, त्याच्या हातीं दरबारचें जवळजवळ सारें दप्तर होतें.

हें सारें कोणी कट करून घडवून आणलें होतें, असें मानण्याचें कारण नाहीं. आणि या गोष्टीचा खरा बोध नेमका येथेंच आहे. कट असता तर तो उघडकीस आणून मोडतां आला असता. घडत होतें तें अगदीं साधें. कचेरींत जागा मिळावयाची तर आधीं उमेदवारी करावी लागे. मोडी वाचतां यावी, हिशेब नीट लिहितां यावा, अर्जाची भाषा अवगत असावी, वरिष्ठांपुढें कसें उभें राहावें हें कळावें. हें सारें ज्याच्या घरांत आजापासून चालत आलेलें, त्या मुलास तें न शिकवितां येई. ज्याच्या घरांत नांगराखेरीज कांहीं नाहीं, त्यास तें कोण शिकविणार? चिटणीस जागा भरावयास बसला म्हणजे तो प्रामाणिकपणें लायक माणूसच शोधी. परंतु लायकीचें जें चित्र त्याच्या मनांत असे तें त्याच्याच घरांतल्या मुलांवरून काढलेलें असे. मग भाच्याची निवड झाली तर त्यास ती भाच्याची निवड वाटत नसे, गुणांची वाटे. पक्षपात करणाऱ्यास आपण पक्षपात करीत आहों हें कळतच नाहीं. तो न्याय करीत आहे अशीच त्याची समजूत असते.

महाराजांनीं आरंभीं दोन सौम्य उपाय करून पाहिले. एक, पात्र माणूस हेरून आणावयाचा. भास्करराव जाधव यांस त्यांनीं १८९५ मध्यें दरबारच्या नोकरींत घेतलें तें असेंच. दुसरा, दार सर्वांस उघडें करावयाचें. १८९६ मध्यें सर्व जातींच्या विद्यार्थ्यांकरितां कोल्हापुरांत एक वसतिगृह निघालें. त्याच्या दारावर कोणासहि मज्जाव लिहिलेला नव्हता. तरी थोड्याच वर्षांत ब्राह्मणेतर विद्यार्थी तेथें जवळजवळ उरले नाहींत. दार उघडें असणें आणि आंत येतां येणें या दोन गोष्टी निराळ्या आहेत, हा धडा महाराजांस या अनुभवानें मिळाला असला पाहिजे. पुढें १९०१ मध्यें व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग निघालें, आणि मग निरनिराळ्या समाजांचीं वसतिगृहें एकामागून एक उभीं राहिलीं. दरम्यान १८९९ मध्यें वेदोक्ताचें प्रकरण उद्भवून, जन्मावरून केलेली पारख छत्रपतींसहि सोडीत नाहीं, हें सर्वांच्या प्रत्ययास आलें होतें.

या पार्श्वभूमीवर २६ जुलै १९०२ चा हुकूम वाचावा. महाराज त्या वेळीं सातव्या एडवर्डच्या राज्यारोहणसमारंभानिमित्त विलायतेंत होते. करवीर सरकारच्या गॅझेटांत प्रसिद्ध झालेल्या या हुकुमाचा आशय असा कीं, यापुढें रिकाम्या होणाऱ्या जागांपैकीं निदान शेंकडा ५० जागा मागासलेल्या वर्गांतून भराव्या. ब्राह्मण, प्रभु, शेणवी, पारशी व इतर पुढारलेले वर्ग सोडून बाकीचे सर्व ते मागासलेले समजावे. आणि ज्या कचेरींत असें प्रमाण नसेल तेथें पुढची नेमणूक याच वर्गांतून करावी. याखेरीज एक कलम असें आहे कीं, त्याकडे टीकाकारांचें आणि स्तुतिपाठकांचेंहि लक्ष सहसा जात नाहीं : प्रत्येक खात्याच्या मुख्यानें दर तीन महिन्यांनीं आपल्या नेमणुकांचें पत्रक सरकारास सादर करावयाचें होतें.

माझ्या मतें हें कलम म्हणजे त्या हुकुमाचा कणा होय. महाराजांनीं अधिकाऱ्यांस ‘निःपक्षपाती व्हा’ असा उपदेश केला नाहीं. तसा उपदेश केला असता तर प्रत्येकानें मान डोलावून आपण तसे आहोंच असें सांगितलें असतें. त्यांनीं मन मोजलें नाहीं, जागा मोजल्या. मनाची सवय स्वतःस दिसत नाहीं. पण तीन महिन्यांच्या पत्रकांतील आंकडे कोणासहि दिसतात.

हुकुमावर आक्षेप आला तो गुणवत्तेचा. जातीवरून जागा दिल्यास कारभार ढासळेल, हा तो आक्षेप, आणि तो केवळ स्वार्थी म्हणून झटकून टाकणें योग्य नव्हे. राज्यकारभारास कुशल माणसें लागतात, हें खरेंच आहे. परंतु आक्षेप घेणारे एक गोष्ट गृहीत धरून चालत होते. ती ही कीं, १८९४ मधील ती ६० माणसें साऱ्या प्रजेंतून पारखून निघालेलीं होतीं. वस्तुतः पारख झाली होती ती एका लहानशा अंगणांतल्या मुलांची. अंगण मोठें केल्यावर काय झालें? भास्करराव जाधव पुढें मुंबई इलाख्याचे मंत्री झाले. जैन समाजांतील अण्णासाहेब लठ्ठे कोल्हापुरांत प्राध्यापक व शिक्षणखात्याचे अधिकारी झाले, आणि १९३७ मध्यें मुंबईच्या पहिल्या काँग्रेस मंत्रिमंडळांत त्यांनीं अर्थखातें सांभाळलें. १९१२ मध्यें दरबारांतील ९५ अधिकाऱ्यांत ब्राह्मण ३५ होते. म्हणजे ते हद्दपार झाले नव्हते, शेजारीं दुसरे येऊन बसले होते. शिवाय हा हुकूम ज्यांच्या दिवाणगिरींत अमलांत आला ते रघुनाथराव सबनीस स्वतः हुकुमांत पुढारलेल्या म्हणून गणलेल्या प्रभु ज्ञातीचे होते.

येथवरची कथा सुखाची आहे, आणि पुष्कळ लेखक ती येथेंच संपवितात. परंतु त्या हुकुमांत एक उणीव होती. ‘मागासलेले’ या एकाच शब्दाखालीं सरदार मराठा आणि गांवकुसाबाहेरचा महार हे दोघेहि येत होते. जागा राखल्या तरी त्या रांगेंत पुढें उभा असणाराच त्या प्रथम घेणार. आणि जो काल स्वतः उंबऱ्याबाहेर होता, तो आंत आल्यावर मागच्यासाठीं दार धरून ठेवील, असा नियम नाहीं.

याची साक्ष महाराजांच्या पदरच्या एका नोकराच्या हकीकतींत मिळते. गंगाराम कांबळे राजवाड्याच्या पागेंत नोकरीस होते. मराठा नोकरांसाठीं राखलेल्या पाण्यास त्यांनीं हात लावला, म्हणून त्यांस बेदम मार बसला. मारणारे ब्राह्मण नव्हते. तेहि चाकरच होते, एकाच धन्याचें अन्न खाणारे. कोल्हापुरांत पिढ्यानपिढ्या सांगितल्या जाणाऱ्या या हकीकतीप्रमाणें महाराजांनीं अपराध्यांस कडक शासन केलें आणि गंगारामांस भांडवल देऊन चहाचें दुकान काढून दिलें. दुकान निघालें, पण गिऱ्हाईक फिरकेना. तेव्हां महाराज आपला लवाजमा घेऊन तेथें थांबूं लागले. स्वतः चहा पीत आणि बरोबरच्या मानकऱ्यांसहि पाजीत. राजानें घेतलेला पेला नाकारण्याची छाती कोणास होणार?

या अनुभवांची परिणति १९१९ च्या जानेवारींतील हुकुमांत दिसते. अस्पृश्य मानल्या गेलेल्या वर्गांतील जे लोक सरकारी नोकरींत आले आहेत, त्यांस महसूल, न्याय व सर्वसाधारण खात्यांतील अधिकाऱ्यांनीं ममतेनें व समतेनें वागवावें. ज्यास हें पटत नसेल त्यानें हुकूम पोंचल्यापासून सहा आठवड्यांच्या आंत राजीनाम्याची नोटीस द्यावी, आणि अशा माणसास पेन्शन मिळणार नाहीं, असा त्याचा आशय होता. शाळा व दवाखाने यांसाठींहि याच धर्तीच्या आज्ञा निघाल्या. पहिल्या हुकुमानें माणूस कचेरींत आला. दुसऱ्यानें, आल्यावर त्याच्याशीं कसें वागावें, हें ठरविलें. या दोहोंमध्यें सोळा वर्षांहून अधिक काळ गेला. खुर्ची देणें सोपें. खुर्चीवर बसलेल्यास आपल्यांतला मानणें कठीण, हेंच या विलंबानें सिद्ध होतें.

६ मे १९२२ रोजीं महाराज निवर्तले. म्हैसूर संस्थानानें १९१८ मध्यें आणि मद्रास सरकारनें १९२१ मध्यें याच दिशेनें पावलें टाकलीं होतीं. मार्च १९२० मध्यें माणगांवच्या परिषदेंत महाराजांनीं ज्या तरुण विद्वानाचा गौरव केला, ते डॉक्टर आंबेडकर पुढें घटनेच्या मसुदासमितीचे अध्यक्ष झाले, आणि १९५० मध्यें अमलांत आलेल्या घटनेच्या सोळाव्या कलमांत मागासलेल्या वर्गांसाठीं नेमणुका राखण्याची तरतूद आली. पहिला हुकूम असा साऱ्या देशाचा झाला. दुसऱ्याविषयीं तसें म्हणवत नाहीं.

तें कां म्हणवत नाहीं, हें सांगावयाचें तर मला माझीच एक आठवण द्यावी लागेल. एका संस्थेच्या निवडसमितीवर मी कांहीं वर्षें होतों. एकदां मुलाखतीस एक तरुण आला. त्याच्या बोलण्यांत ‘ण’ च्या जागीं ‘न’ येई. आम्ही चौघांनीं एकमेकांकडे पाहून किंचित् स्मित केलें, आणि तो गेल्यावर ‘मुलगा बरा आहे, पण आपल्या येथें रुळणार नाहीं’ असें एकानें म्हटलें. मीहि मान हालविली. रात्रीं कागदपत्र चाळतांना दिसलें कीं, त्याचें लेखी काम सर्वांत सरस होतें. दुसऱ्या दिवशीं मीं तें बोलून दाखविलें. पण निर्णय झाला होता, आणि तो फिरवावा असा आग्रह धरण्याइतकें धैर्य मजजवळ नव्हतें. आम्हांपैकीं कोणाच्याहि मनांत त्याच्याविषयीं वैर नव्हतें. १८९४ च्या चिटणीसाच्या मनांत तरी तें कोठें होतें?

शाहू महाराजांच्या पुतळ्यास दर वर्षीं हार पडतात, आणि ते पडावेतच. परंतु दर तीन महिन्यांनीं खातेप्रमुखांनीं भरावयाचें तें साधें पत्रक आपणहि कधीं स्वतःपुरतें भरून पाहावें. गेल्या वर्षांत आपण कोणाची शिफारस केली, कोणास घरीं जेवावयास बोलाविलें, कोणाचें बोलणें पुरतें ऐकून घेतलें, हीं नांवें एका कागदावर लिहावीं आणि त्यांतील किती आपल्याच अंगणांतलीं आहेत तें मोजावें. मीं तें पत्रक भरून पाहिलें आहे. तें कोणास दाखविण्यासारखें नव्हतें.