जुने कपडे घेताना-देताना काय बघावं?

द्राक्षाच्या हंगामात सुरगाणा, पेठ भागातले मजूर निफाड-दिंडोरीकडे कामाला येतात. निफाडची थंडी राज्यात प्रसिद्ध. नवा स्वेटर सगळ्यांनाच परवडत नाही.

जुने कपडे मिळण्याच्या वाटा अनेक आहेत. बोहारीण कपड्यांवर भांडी देते. तेच कपडे शिवून-धुऊन बाजारात स्वस्तात विकले जातात. ‘माणुसकीची भिंत’ फुकट देते. अंशू गुप्ता यांनी १९९९ मध्ये दिल्लीत सुरू केलेल्या ‘गूंज’ संस्थेची रीत वेगळी : गावाने विहीर, रस्ता, बंधारा असं आपलंच काम करायचं, मोबदल्यात कपडे घ्यायचे. गुप्तांना २०१५ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

काही संस्था दान आलेले कपडे नाममात्र किमतीत विकतात. दहा-वीस रुपये मोजले की माणूस गिऱ्हाईक होतो. उलटून-पालटून बघतो, नको तर ‘नको’ म्हणतो. फुकटात तसं म्हणायला जीभ रेटत नाही.

घेताना : कपडा उजेडात धरा. काखेची शिवण, चेन, कसर लागलेली भोकं बघा. घरी नेल्यावर आधी धुवा, कडक उन्हात वाळवा, मगच घाला.

देताना : धुऊन, बटणं लावून द्या. आपण घालणार नाही इतका फाटका कपडा पुसणं म्हणूनच ठेवा.